डाव्या पायाचा जिना

कोरेगावाकडून म्हसवडाकडं निघालं की मधे निंबाळपेठ लागते. त्या पेठेत आप्पासो घोंगडीवाल्याचं घर इतकं अरुंद होतं, की मांजराला आळस द्यायचा झाला तर आधी दारातून बाहेर यावं लागे. एकदा एका पाहुण्यानं बेसावधपणे दोन्ही हात पसरले, तर एक हात शेजारच्या हंबीररावाच्या भिंतीवर आपटला आणि दुसऱ्या हातानं गल्लीतून चाललेल्या बैलाची झूल ओढली. खोटं वाटत असेल तर हंबीररावाच्या भिंतीला अजून खळगा आहे.

या घराच्या मधोमध खड्ड्याचा माग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचं, खालच्या पायपट्ट्या पायानं दाबायच्या आणि वर हातानं धोटा फेकायचा. आप्पासोचा आजा त्या खड्ड्यात बसला, मग बाप बसला, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून आप्पासो बसला. घर आधी आणि माग मागून असं काही झालेलं नव्हतं. माग होता, त्याच्यावर छप्पर घातलं होतं, आणि उरलेल्या फटीत माणसं राहत होती. एका फटीत चूल. दुसऱ्या फटीत चिंचोक्याच्या खळीचं मडकं. डोक्यावर पोटमाळा, त्यात लोकरीची गाठोडी. पोटमाळ्यावर चढायला बांबूची शिडी होती, पण शिडी लावली की दार मिटत नसे आणि दार मिटलं की शिडी लावता येत नसे.

इतकी वर्षं त्यानं कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते लढाई संपल्यावर.

आप्पासोचा एकुलता एक पोरगा अर्जुना पलटणीत लॉरी चालवायचा. लढाई थांबली, त्याचं नाव कमी झालं, तो ट्रंक घेऊन घरी आला, आणि आल्या आल्या म्हसवडच्या धोंडुबाईशी त्याचं लग्न लागलं. सून घरात आली. पहिल्याच रात्री तिच्या एका अंगाला सासू, दुसऱ्या अंगाला खळीचं मडकं, पायाशी मागाचा खड्डा आणि खड्ड्याच्या पलीकडं सासऱ्याचं घोरणं. अर्जुना चावडीच्या ओट्यावर. असे काही दिवस काढून पोरगी सणाला म्हणून माहेरी गेली ती गेलीच. तिच्या बापाचा, गुंडाबाचा, निरोप आला.

"पोरगी नांदायला एका पायावर तयार हाय. पन दुसरा पाय टेकायला जागा दावा. माळ्यावर खोली करा, म्युनसिपालटीचा शिक्का दावा, मग धाडतो."

शिक्क्याचं म्हणणं उगाच नव्हतं. आदल्याच साली बिनपरवानगीच्या माळ्यावर राहणाऱ्या एका बिऱ्हाडाच्या गाद्या म्युनसिपालटीच्या शिपायांनी भर बाजारात आणून टाकल्या होत्या.

आणि अर्जुनाही खनपटीला बसला. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात मोटार चालवायचं काम आणि राहायला खोली त्याला सांगून आली होती.

"दिवाळीपातुर बगतो, आबा," तो म्हणाला. "खोली झाली तर झाली. न्हाईतर आमी दोगं म्हाबळेश्वरला."

"आन् मागावर कोन बसंल रं?"

"कोंबड्या बसवा," असं चुलीपासून आप्पासोची बायको हरणाबाई म्हणाली. तिचं बोलणं हे असं. पण म्हणताना तिनं तोंड चुलीकडंच ठेवलं होतं.

आप्पासोच्या पोटात खड्डा पडला. मागाचा होता तेवढाच खोल. आजाचा माग, बापाचा माग, आणि आपल्यामागं त्यात कोंबड्या!

ज्ञानू सुतार आला. त्यानं इकडं गज टाकला, तिकडं गज टाकला, आणि कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली.

"आप्पा, हितं जिना बसवायचा तर माग काढावा लागंल."

"मागाला हात लावायचा न्हाई."

"मग भाईरनं, गल्लीतनं काढू."

"गल्ली म्युनसिपालटीची."

"मग हंबीररावच्या अंगानं—"

"इचार बी करू नगा!" भिंतीपलीकडून हंबीरराव म्हणाला. त्या भिंतीतून सगळंच ऐकू जाई.

जागा म्हणाल तर एकच होती. दाराच्या पाठीमागं, माग आणि भिंत यांच्यामधे, माणसानं श्वास रोखून उभं राहावं एवढी. आप्पासो चिडून मागावर जाऊन बसला आणि विणायला लागला. राग आला की तो विणायचा. त्या महिन्यात पेठेत घोंगड्यांना तोटा नव्हता. डावी पट्टी दाबली, उजवी दाबली. डावी, उजवी. आधी डावी, ही त्या घरातली तीन पिढ्यांची रीत. विणता विणता त्याचे पाय एकदम थांबले.

"ज्ञानू, चढताना मानूस एका पायरीवर दोनी पाय ठेवतो का रं?"

"दम लागला तर ठेवतो."

"आन् न्हाई लागला तर?"

"तर एकच. डावा हिच्यावर, उजवा वरल्या पायरीवर."

"मग ज्या अंगाला पाय पडतच न्हाई त्या अंगाला फळी कुनाच्या बापासाठी ठेवायची?"

ज्ञानूनं पेन्सिल पुन्हा काढली, आणि या खेपेस ती कानावर परत गेली नाही.

जिना झाला तो असा. पहिली पायरी फक्त डाव्या अंगाला, तिच्या वरची फक्त उजव्या अंगाला, तिच्या वरची पुन्हा डाव्या. पाय पडायचा तिथंच फळी, बाकी सगळं कापलेलं. त्यामुळं चढताना गुडघा वरच्या फळीला अडत नव्हता, आणि सगळा जिना भिंतीला पाठ टेकून, शिडीसारखा उभाच्या उभा दाराआड मावला.

हरणाबाईनं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहिलं. "आवं, ह्याला वारं गेलंय का? अर्धं अंगच न्हाई त्याला."

पण लोकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती चढली, आणि मोकळ्या हातानं उतरलीसुद्धा. अर्जुना "लेफ-राइट, लेफ-राइट" करत वर गेला, खाली आला आणि म्हणाला, "आबा, फस्कलास!" ज्ञानू आप्पासोला म्हणाला, "तुमी बी जाऊन बगा की."

"मी काय बगायचा? माझ्याच टकुऱ्यातनं निगालाय," आप्पासो म्हणाला आणि मागावर जाऊन बसला.

मग अर्ज गेला, आणि म्युनसिपालटीचे ओव्हरसियर टेंबे सायकलवरून आले. टेंबे सांगलीचे. सरळ माणूस. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. पेठेत एका खोलीत राहत. त्या खोलीत टेंबे, त्यांची सायकल आणि नकाशांच्या गुंडाळ्या एवढंच मावे, म्हणून बायको-मुलं सांगलीला. त्यांनी जिना खालून पाहिला, बाजूनं पाहिला, मान वाकडी करून पाहिला.

"हे काय आहे?"

"जिना, साहेब."

"हा जिना नव्हे. जिन्याची पायरी पुरी असावी लागते. दोन्ही पावलं शेजारी शेजारी मावली पाहिजेत. नियम आहे तसा."

"मग शिडी म्हना."

"शिडी असेल तर परवानगीच नको."

आप्पासोचा जीव भांड्यात पडला. पण टेंबे पुढं बोलले, "मात्र शिडीनं चढायच्या जागेत माल ठेवता येतो, माणसं राहू शकत नाहीत."

"मग जिनाच म्हना की."

"जिना असेल तर पायऱ्या पुऱ्या हव्यात."

"साहेब, जिना न्हाई, शिडी न्हाई, मग हाय तरी काय ह्यो?"

"ते तुम्ही अर्जात लिहायला हवं होतं," टेंबे म्हणाले आणि सायकलवर बसले.

पुढचे दिवस आप्पासोनं म्युनसिपालटीच्या पायऱ्या झिजवल्या. त्या पुऱ्या पायऱ्या होत्या, दोन्ही पावलं मावतील अशा. त्याचं विणकाम मागं पडलं. तिथला कारकून भाऊसो भला माणूस, पण त्याला कुठल्याही कामात घाई केली की उचकी लागायची. एकदा टेंबे साहेब फिरतीवर होते. एकदा अध्यक्ष कोरेगावला लग्नाला. एकदा सगळे हजर होते, तर भाऊसोच रजेवर, आणि कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला.

"आता काय ऱ्हायलं, भाऊसो?"

"नकाशा ऱ्हायला, आप्पा. नकाशाबिगार साहेबाला समजायचं कसं?"

"साहेबानं डोळ्यानं बगितलाय की जिना!"

"डोळ्यानं बगितल्यालं दप्तराला लावता येतंय व्हय?"

नकाशे काढणारा माणूस बसायचा सांगलीला. हरणाबाईनं भाकरी बांधून दिली, आप्पासोनं कोरेगावला आगगाडी धरली, मिरजेला बदलली, आणि सांगलीत चौकशी करत करत त्या माणसाच्या माडीवर जाऊन पोचला. माणूस सभ्य होता, चष्मा लावणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही, दर वाक्याला "बरं, बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुरेख गुंडाळी करून, वर लाल दोरा बांधून नकाशा दिला. आप्पासो ती गुंडाळी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून परत आला. सबंध प्रवासात त्यानं ती उघडली नाही. कागदाला घाम लागला तर?

टेंब्यांनी ती मेजावर उघडली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! याला म्हणतात जिना."

आप्पासोनं वाकून पाहिलं. नकाशात ऐसपैस जिना होता. पायऱ्या पुऱ्या. कडेला कठडा, कठड्याला नक्षी आणि खालच्या पायरीशी चक्क तुळशीची कुंडी. खेड्यातल्या माणसाला अर्धं सांगता आलं नाही, अशा समजुतीनं त्या सज्जनानं राहिलेलं अर्धं स्वतःच्या पदरचं घालून पुरं करून दिलं होतं.

"मंजूर करतो," टेंबे म्हणाले. "असा बांधा."

"साहेब, ह्यो बसत न्हाई घरात! माझं घर ह्या कुंडीएवडं बी न्हाई!"

"मग हा नकाशा खोटा म्हणायचा?"

"खोटा."

"खोटा नकाशा सादर केलात?" टेंब्यांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

आप्पासो घरी आला तो थेट मागाकडं. मागावर बसून त्यानं एक घोंगडी इतक्या जोरात ठोकून विणली, की पुढं म्हणे तिच्यातून पाऊस तर सोडाच, तांब्यानं ओतलेलं पाणीसुद्धा विचार करून परत जाई. ती विकली गेली नाही. पांघरणाऱ्याला घडीच घालता येईना.

शेवटी भाऊसोनंच वाट सांगितली. "आप्पा, नानासोंना घाला साकडं. अध्यक्षांनी सोता चढून बगितला आन् हो म्हनले, तर टेंबे साहेब काय करत्यात?"

नानासो म्हणजे म्युनसिपालटीचे अध्यक्ष. देह भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम, मन मोठं. फक्त एक होतं. कुठलंही पाऊल टाकायचं तर नानासो उजवा पाय आधी टाकत. घरातून निघताना उजवा, वहाण घालताना उजवा, मोटारीत चढताना उजवा. एकदा एका लग्नाला निघताना चुकून डावा पडला, म्हणून ते अर्ध्या वाटेतून माघारी आले आणि पुन्हा निघाले. मग पुन्हा काही चुकलं, पुन्हा आले. शेवटी पोचले तेव्हा मांडवात बारसं चाललेलं होतं. त्यांनी आहेर तोच दिला.

नानासो आले तेव्हा निम्मी पेठ गल्लीत. टेंबे सायकल धरून उभे. हंबीरराव स्वतःच्या दारात खाट टाकून बसलेला.

"आप्पा आपला मानूस हाय," नानासो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरगा लढाई बगून आलाय. त्याच्या बिऱ्हाडाच्या आडवं कुनाला येऊ द्यायचं न्हाई. सरका."

आणि त्यांनी देवाचं नाव घेऊन उजवा पाय उचलला.

पहिली फळी होती डाव्या अंगाला. नानासोंनी तिच्यावर उजवा पाय ठेवला. आता दुसरी फळी उजव्या अंगाला, तिच्यावर आला डावा. तिसरीपर्यंत नानासोंच्या पायांची वेणी घातली गेली, आणि चौथीला ती पक्की बसली. वर जाता येईना, खाली येता येईना, वळता तर मुळीच येईना, कारण वळायला तिथं जागाच नव्हती. धोतराचा सोगा फळीत अडकला.

"नानासो, डावा काढा!" आप्पासो ओरडला.

"कुठला डावा?" नानासो ओरडले. "मला हितनं दोनी उजवंच दिसत्यात!"

अर्जुनानं खालून खांदा लावला, आधीच माळ्यावर जाऊन बसलेल्या ज्ञानूनं वरून बखोट धरलं, आणि नानासो एकदाचे सुटले ते एकदम अर्जुनाच्या अंगावर. गल्लीत पोरं हसली. मोठी माणसं आधी खोकली आणि मग हसली. टेंबे मात्र हसले नाहीत. त्यांनी नानासोंचा फेटा उचलून झटकून दिला.

"आप्पा," नानासो श्वास घेत म्हणाले, "ह्यो जिना मानसाचा न्हाई."

"डावा पाय आधी टाकायचा हुता, नानासो."

"डावा? शुभ कामाला डावा? तुज्या सुनंला बी डाव्या पायानं माप ओलांडाय लावलंस काय रं?"

आप्पासोनं पहिल्या फळीकडं पाहिलं. खरंच की. नवी खोली, नवं बिऱ्हाड, आणि पोरीनं त्यात पाऊल टाकायचं ते डावं? हे कुणाच्याच कसं ध्यानात आलं नाही? त्याच्या स्वतःच्या नाही, कारण मागावर डावीच पट्टी आधी. अर्जुनाच्या नाही, कारण पलटणीत पहिला पाय डावाच उचलायला शिकवलेलं. राहता राहिली हरणाबाई.

"माज्याकडं काय बगताय?" ती म्हणाली. "मी ह्या घरात आल्यापासनं सगळं डावंच चाललंय. मला वाटलं, ह्यांच्यात असंच असतंय."

अर्ज नामंजूर. जिना काढून टाकावा, असं नानासो जाता जाता सांगून गेले. उजवा पाय आधी टाकून गेले.

ज्ञानूनं त्याच दिवशी तोड काढली. हरणाबाईचा धुणं धुवायचा दगड उचलून त्यानं जिन्याच्या पायथ्याशी उजव्या अंगाला बसवला. आता उजवा पाय दगडावर, मग डावा पहिल्या फळीवर; शुभ ते शुभ आणि जिना तोच. हरणाबाई ओरडली, "आन् मी धुनं कशावर आपटू? तुमच्या डोस्क्यावर?" पण दगड राहिला. उपयोग मात्र काही झाला नाही. नानासो पुन्हा यायला तयार नव्हते, आणि भाऊसोनं सांगितलं, "एकदा नको म्हनल्यालं वर्सभर पुन्यांदा पुढं घेता येत न्हाई."

दिवाळी तोंडावर आली. अर्जुनानं ट्रंक चावडीवरून आणून दारात ठेवली. आप्पासो मागावर बसला होता, आणि त्याला धोट्याच्या जागी ती ट्रंकच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला म्युनसिपालटीत बोलावणं आलं. भाऊसो लेखणी घेऊन बसला होता. टेंबे शेजारच्या मेजावर नकाशे गुंडाळत होते.

"आप्पा, तुमाला नोटीस द्यायचीय. काडून टाकायची. आता काय काडून टाकायचं ते लिवाय पायजे. जिना लिवू?"

"ह्यो जिना न्हाई म्हनून तुमीच सांगितलं."

"बरं, मग शिडी लिवतो."

"शिडीला परवानगी लागत नाही," टेंबे मान वर न करता म्हणाले. "तिला काढा म्हणता येणार नाही."

"मग लिवू काय?" भाऊसोला उचकी लागली. "आप्पा, तुमीच सांगा. ह्यो हाय काय?"

आणि आप्पासोचं डोकं फिरलं. कित्येक महिने दाबलेलं सगळं एकदम वर आलं. "माग लिवा!" तो मेजावर हात आपटून ओरडला. "माग हाय त्यो, माग! डावा दाबा, उजवा दाबा! एका मागात माझा आजा बसला, माझा बाप बसला, मी बसलो, आन् ह्यो दुसरा माग माज्या छातीवर बसलाय! लिवा!"

भाऊसो घाबरला. घाबरला की तो सांगितलेलं लिहायचा. त्यानं लिहिलं, 'माग'.

टेंब्यांनी हातातला नकाशा खाली ठेवला. मग टेंबे सावकाश उठले. लढाईत पलटणींना घोंगड्या लागत, तेव्हा निंबाळपेठेच्या म्युनसिपालटीनं ठराव केला होता की चालू मागाला कुणी हात लावायचा नाही. तो ठराव कुणी मागं घेतला नव्हता. टेंब्यांना तो पाठ होता. त्यांना सगळेच ठराव पाठ होते. त्यांनी भाऊसोच्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि म्हणाले, "मागाची पाहणी करावी लागेल."

ते आले तेव्हा हरणाबाई निवडायला लोकर घेऊन बसली होती आणि ज्ञानू दाराशी उभा होता.

"हा माग?" टेंब्यांनी जिन्याकडं बोट केलं.

आप्पासोला आता खोटंही बोलवेना आणि खरंही. पण हरणाबाई उठली. "व्हय, साहेब. त्योच."

"चालतो का?"

हरणाबाईनं पदर खोचला. उजवा दगडावर, डावा फळीवर, उजवा, डावा. ज्ञानूच्या फळ्या खटखट वाजल्या. वर गेली, उतरून खाली आली, पुन्हा वर गेली. चार हेलपाट्यांनंतर ती वरूनच म्हणाली, "बगा की कसा चालतुया! थांबवू का आजून चालवू?"

"पुरे, पुरे," टेंबे म्हणाले. "वर लोकर ठेवणार?"

"लोकरच, साहेब."

"लोकर राखायला कुणीतरी असेलच."

आप्पासो तोंड उघडं टाकून पाहत राहिला. ज्ञानूनं त्याला कोपर मारलं.

"पोरगा राखंल," आप्पासो म्हणाला. "आन् सून."

टेंब्यांनी दारातच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं: एक माग, चालू. वर मालाचा राखणदार, कुटुंबासह. खाली सही केली आणि खिशातला शिक्का उमटवला. मग सायकल वळवली, थोडं पुढं गेले, परत आले आणि ज्ञानूला हळूच विचारलं, "माझ्या खोलीवर एक माळा आहे. तिथं असा... असा एखादा माग बसेल का हो? पाडव्याला सांगलीची मंडळी आणावी म्हणतो."

भिंतीपलीकडून हंबीरराव म्हणाला, "बसंल, साहेब, बसंल!"

दिवाळीच्या आधी गुंडाबा पोरीला घेऊन आला. त्यानं शिक्का पाहिला, कागद उलटा केला, सुलटा केला. "इवाई, ह्यो शिक्का मागाचा म्हनत्यात."

"पोरगी नांदवाय आणलीया का कागुद वाचाय?" हरणाबाई म्हणाली.

गल्लीतल्या बायका वाकून वाकून बघत होत्या. धोंडुबाईनं पदर सावरला, उजवा पाय धुण्याच्या दगडावर ठेवला, डावा फळीवर, आणि जन्मभर असल्याच जिन्यावर वाढल्यासारखी वर निघून गेली. वरून तिचं हसणं ऐकू आलं. अर्जुनाची ट्रंक मात्र अजून दारातच होती.

"आता बसशील न्हवं मागावर?" आप्पासोनं विचारलं.

"बगू, आबा," अर्जुना म्हणाला. "हॉटेलवाल्याला आजून न्हाई म्हनलो न्हाई."

बघू! या 'बघू'साठी सगळी पेठ पालथी घातली होती का? आप्पासोचं टाळकं पुन्हा सणकलं. पोराला चार शब्द सुनावणार होता, पण व्याह्यासमोर नको म्हणून, वर राहिलेलं लोकरीचं गाठोडं काढायच्या निमित्तानं, रागारागानं तो जिना चढला. पहिल्यांदाच.

चढणं झकास झालं. पायांना सांगावंच लागलं नाही. वर खोली छान दिसत होती. हरणाबाईनं सारवली होती, झरोक्यातून गल्लीतलं लिंबाचं झाड दिसत होतं. सून बाजूला झाली, "या, मामंजी," म्हणाली आणि खाली चुलीकडं गेली. आप्पासोनं गाठोडं उचललं, वळला, आणि खाली पाहिलं.

उभा जन्म माणूस खड्ड्यात बसलेला. इतक्या वरून त्यानं आपलं घर कधी पाहिलंच नव्हतं. घर गरगर फिरायला लागलं. शिवाय तोंड खाली केल्यावर जी डाव्या अंगाची फळी ती उजव्या अंगाला आली होती आणि उजवीकडची डावीकडं. त्यानं डावा पाय सोडला तर खाली काहीच नाही. पाय वर घेतला आणि कडेला बसकण मारली.

"हरणे!"

"काय हो?"

"मला उतरता येईना."

खाली धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. मग हरणाबाई म्हणाली, "आवं, उतराय येतंय म्हून तर जिना म्हनत्यात त्याला!"

"माग हाय त्यो," भिंतीपलीकडून हंबीरराव म्हणाला.

अर्जुना खांद्यावर घ्यायला वर आला, तर आप्पासो त्याच्या अंगावर धावला. "मी काय लोकरीचं गाठोडं हाय? उतरीन, माजा मी उतरीन." पण उतरेना. दिवस मावळला. गुंडाबा हसून हसून जेवला आणि चावडीवर झोपायला गेला. शेवटी हरणाबाईनं ताट वर नेलं. "खावा," म्हणाली, आणि तिथंच आडवी झाली. "आता मी बी उतरत न्हाई. माजं बी पाय दुखत्यात तुमचा माग चालवून." नवी खोली अशी आधी म्हाताऱ्यांनाच घडली, आणि पोरगा-सून खाली, खळीच्या मडक्याशेजारी, पण दोघंच.

सकाळी आप्पासोला जाग आली ती आवाजानं. खट. खट. जरा अडखळत, पुन्हा खट. खालून येत होता. तो कडेला सरकून बसला आणि वाकून पाहिलं. अर्जुना खड्ड्यात बसला होता. लहानपणी शिकवलेलं हात विसरले होते, पण पाय विसरले नव्हते. धोंडुबाई शेजारी उकिडवी बसून धोट्यात घालायची लोकरीची कांडी भरून देत होती आणि काहीतरी चिडवत होती. तो मान हलवून हसत होता.

आप्पासो बघत बसला. बघता बघता त्याचे कडेला लोंबणारे पाय आपसूक हलायला लागले. खाली डावी पट्टी दबली की त्याचा डावा, उजवी दबली की उजवा. ते कधी फळ्यांवर टेकले ते त्याला कळलंच नाही. खट, एक पाय. खट, दुसरा. तो खाली पाहतच नव्हता, मागाकडं पाहत होता. धुण्याच्या दगडावरून जमिनीवर उतरला तेव्हा वरून हरणाबाई म्हणाली, "उतरला बया एकदाचा!"

अर्जुनानं दचकून हात थांबवले आणि उठायला लागला. आप्पासो तरातरा मागाशी गेला. विणलेल्यावरून त्यानं बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

"कड ढिली पडलीया तुजी. ही घोंगडी हाय का चाळन? ऊठू नगंस. बस. आता पुन्यांदा घे. आन् डावा आदी."